जुन्या स्विफ्टचे चारही शॉकअप गेले म्हणतात, कसं तपासू?

बेसाकर | ३ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी जुनी स्विफ्ट घेतली. २०१४ ची डिझेल, एमएच-३१ पासिंग, मीटरवर ७८ हजार. इंजिन, क्लच, एसी ठीक वाटलं म्हणून सौदा केला. घेतल्यापासून दोन गोष्टी खटकून राहिल्या आहेत. गल्लीत गट्टूवरून हळू चालवली की पुढून उजवीकडून खडखड येते. आणि समृद्धीवर शंभरच्या वर गेलो की पुलाच्या जोडावर गाडी मागून तरंगते, एक झोका जास्तच घेते. आई मागच्या सीटवर बसते, तिला मणक्याचं दुखणं आहे. परवा वर्ध्याहून येताना ती म्हणाली, "अरे, पोटात गोळा येतो या गाडीत."

घराजवळच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने बोनेटवर दोनदा जोर देऊन दाबलं आणि सांगितलं, चारही शॉकअप गेले, ७८ हजारांत जातातच. पार्ट आणि मजुरी मिळून १४ हजार. दुसरीकडे एक ओळखीचा म्हणतो, कामठी रोडला अपघातातल्या गाडीचे काढलेले शॉकअप अडीच हजारांत जोडी मिळेल.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. माझ्या गाडीचे खरंच गेलेत का, हे कसं ठरवायचं? आणि काढलेला शॉकअप हातात घेऊन पारखता येतो का?

कळमना_एक्स्प्रेस | ३ जानेवारी, रात्री १०.०५

भाऊ, ७८ हजार म्हणजे वेळ झालीच. मोनरोसारखी शॉकअप बनवणारी कंपनीसुद्धा ८० हजार किलोमीटरला बदला असंच सुचवते. आईचा मणका आहे म्हटल्यावर पैशाकडे पाहू नका, चारही नवे टाका.

तेलकट_पाना | ३ जानेवारी, रात्री ११.२०

थांबा, बेसाकर. एवढ्यात चौदा हजार काढू नका. किलोमीटर हा तपासायला सांगणारा आकडा आहे, निकाल देणारा नाही. सगळे किलोमीटर हायवेचे असतील तर लाखानंतरही बरे निघालेले शॉकअप मी पाहिले आहेत, आणि गिट्टीखदानीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीचे ४० हजारांत रडायला लागलेले पण.

आधी शॉकअप करतो काय ते पाहू. गाडीचं वजन तो उचलत नाही, वजन स्प्रिंग उचलते. खड्ड्यात स्प्रिंग दबली की ती परत उसळी घेणार आणि थांबवलं नाही तर नाचतच राहणार. ती नाचणं थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेल भरलेलं असतं, दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा. तेल त्या भोकांतून कष्टाने जातं, त्यात हालचाल जिरते आणि तिची उष्णता होते. म्हणून 'गाडी एका बाजूने बसली, शॉकअप गेला' असं कोणी म्हणालं तर आधी स्प्रिंग पाहा. तुटलेल्या किंवा थकलेल्या स्प्रिंगने गाडी बसते.

आता बोनेट दाबण्याबद्दल. ॲम्बेसेडर, पद्मिनीच्या काळात ही युक्ती चांगली चालायची, कारण त्या गाड्या मऊ होत्या. आजच्या गाड्यांच्या स्प्रिंग कडक आणि बुशांचं, म्हणजे सांध्यांतल्या रबरांचं, घर्षणही बरंच. अर्धा मेलेला शॉकअप या परीक्षेत आरामात पास होतो. गाडी दाबून सोडल्यावर वर येऊन तिथेच थांबायला हवी. ती दीड-दोन हेलकावे खात असेल तर तो शॉकअप नक्की गेला. पण हेलकावे नाही खाल्ले म्हणून तो चांगला, असं ठरत नाही. आणि एक सांगा, मिस्त्रीने मागे डिकीवर दाबून पाहिलं का? नुसतं बोनेट दाबून मागचे दोन गेले हे त्याला कळलं कुठून?

तुम्ही दोन त्रास सांगितलेत, आणि माझ्या मते ते दोन वेगळे आजार आहेत. हळू चालवताना गट्टूवर होणारी खडखड शॉकअपची फार क्वचित असते. तेल गेलेला शॉकअप बहुतेक वेळा गुपचूप असतो. आवाज करतात ते लिंक रॉड (गाडीचं डोलणं आवरणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी काडी), लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचे, बुश, बॉल जॉइंट नाहीतर शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारं माउंटिंग. वेगात मागून तरंगणं मात्र शॉकअपसारखं वाटतं, आणि तेही मागच्या.

बुटीबोरी_शिफ्ट | ४ जानेवारी, सकाळी ७.१०

तेलकट_पाना दादांचं शंभर टक्के पटलं. माझ्याकडे हेच झालं. मी रोज त्रिमूर्ती नगरहून बुटीबोरी एमआयडीसीला जाते. दोन वर्षांपूर्वी पुढून असाच आवाज यायचा. एका गॅरेजने पुढचे दोन शॉकअप बदलले, साडेसात हजार घेतले. गाडी घेऊन निघाले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर तोच आवाज. परत गेले तर म्हणाले, ताई, आता मागचे बदला, आवाज पुढे ऐकू येतोय पण आहे मागचाच. त्या दिवशी गाडी घेऊन तशीच घरी आले, डोळ्यांत पाणी आलं होतं खरं सांगायचं तर.

शेवटी माझ्या मावसभावाने दहा मिनिटांत शोधलं. गाडी जमिनीवरच, जॅक नाही काही नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं म्हणजे चाकामागची जागा मोकळी होते. त्याने मला छताची कड धरून गाडी डावी-उजवी डोलवायला सांगितलं आणि स्वतः लिंक रॉडच्या वरच्या गोळीवर दोन बोटं ठेवली. मग माझी बोटं तिथे ठेवायला लावली. प्रत्येक डोलण्याला आत टक्, टक् असा बारीक ठोका लागायचा. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, बोटांना मात्र स्पष्ट कळत होतं. दोन लिंक रॉड, हजाराच्या आत काम झालं. काढलेले शॉकअप गॅरेजवाल्यांनी ठेवून घेतले होते, त्यामुळे ते खरंच गेले होते का हे मला कधीच कळलं नाही. बदललेला पार्ट मागून घेत जा, हे तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

बेसाकर | ४ जानेवारी, सकाळी ८.३०

ताई, दादा, मनापासून आभार. नाही, डिकी त्याने दाबलीच नाही. खाली वाकूनही पाहिलं नाही. मी आज खाली मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. चारही शॉकअप कोरडे दिसतात, काळेभोर स्वच्छ. तेल गळत नाही म्हणजे चांगले समजू का?

तेलकट_पाना | ४ जानेवारी, सकाळी ९.००

दहा वर्षांची गाडी आणि शॉकअप काळेभोर स्वच्छ? तिथे मला शंका येते. विकायच्या आधी बरेच जण खालून पाणी मारून घेतात, काही ठिकाणी वरून काळा रंगही फवारतात. नख लावून पाहा, रंगाचा पापुद्रा निघतो का. रबरी बुशवर, नटच्या आट्यांवर काळा रंग उडालेला असेल तर फवारलाच आहे.

आणि खरोखर कोरडा असला तरी चांगला असेलच असं नाही. आतली झडप झिजली, तळाचा वॉल्व्ह गेला तर एक थेंब बाहेर न येता शॉकअप निकामी होतो. उलट, सीलखाली अगदी पातळ ओलसर थर, त्यावर थोडी धूळ, एवढं दिसलं तर घाबरायचं नाही. दांडा आतबाहेर करताना तेलाचा पुसटसा थर सोबत आणतोच. ओघळ खालपर्यंत गेला असेल, बोट लावल्यावर बोट भिजत असेल, तर तो गेला.

काका_ऑटोमोटिव्ह_चौक | ४ जानेवारी, दुपारी २.१५

बेसाकर भाऊ, मी ३८ वर्षं गाड्याच्या खाली काढली. आता गॅरेज पोराकडे देलं, म्हणून लिहाले वेळ हाय. तुमाले दोन परीक्षा सांगतो, पैसा लागत नाही.

पयली टायरची. चारही टायरवर तळहात फिरवा, गाडी उभी असतानाच. एकदा पुढून मागं, एकदा मागून पुढं. शॉकअप मेला असला का चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, टप्पे खात जाते. जिथं आपटते तिथं जास्त घासते. मंग टायरवर थोड्या थोड्या अंतरानं खळगे पडतात, वाटीच्या बुडासारखे. डोळ्याले लवकर दिसत नाही, हाताले लागते. नुसती एक कड घासली असन तर ते अलाइनमेंटचं, म्हणजे चाकाचा कोन चुकला. एका बाजूनं हात फिरवला तर गुळगुळीत अन् उलट फिरवला तर करवतीसारखं लागन तर तेही अलाइनमेंटचंच. खळगे लागले तर शॉकअपवर पक्की शंका घ्या.

दुसरी परीक्षा आता थंडीतच होते, मे महिन्यात नाही होत. तवा ४५ डिग्रीत उभी गाडीच भाजते. भल्या पहाटे निघा, एखाद्या पांधण रस्त्यावर धा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, हळूच, पण खड्डे चुकवू नका. थांबल्याबरोबर उतरा अन् शॉकअपच्या नळकांड्याले हात लावून पाहा. काम करणारा शॉकअप कोमट लागते, तेल घासून गरम होते ना. जो थंडगार हाय तो कामच करून नाही राहिला. पण तुलना एकाच जोडीत करा, मागचा डावा अन् मागचा उजवा. पुढचा मागच्याशी जोडू नका. सायलेन्सर ज्या बाजूनं जाते तिकडचा जरा जास्त तापते, तेही ध्यानात ठेवा. सायलेन्सरले हात लागू देऊ नका.

अन् गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली घुसू नका. घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय कोणीच गाडीखाली जाऊ नये. आमच्या डोळ्यानं पाह्यलं हाय काय होते ते.

काढलेल्या शॉकअपचं रात्री लिहितो, ते मोठं हाय.

मीटर_आणि_मोजमाप | ४ जानेवारी, दुपारी ४.४०

मशीनचीही सोय आहे, माहिती म्हणून लिहितो. युसामा पद्धतीचा सस्पेन्शन टेस्टर म्हणतात त्याला. चाक एका पाटीवर उभं करतात, पाटी ६ मिलिमीटरने वर-खाली थरथरते, सेकंदाला २५ वेळा. मग मोटर बंद होते आणि थरथर हळूहळू मंदावते. त्या वेळात टायर पाटीवर कमीत कमी किती भार टेकवून होता, ते उभ्या वजनाच्या टक्क्यांत दाखवतात. ६० च्या वर चांगलं, ४० ते ६० चालण्यासारखं, २० ते ४० कमजोर, २० च्या खाली धोक्याचं.

पण आकडा डोळे मिटून घेऊ नका. टायरमध्ये हवा जास्त असली तर आकडा पडतो. लहान गाडीचं मागचं बूड हलकं असतं, तिथे चांगल्या शॉकअपलाही कमी टक्के मिळतात. मी डाव्या-उजव्यातला फरक आधी पाहतो. एक ५५ आणि दुसरा ३० आला तर बोलायची गरज उरत नाही. सगळ्यांकडे हे मशीन नसतं, मोठ्या अलाइनमेंटवाल्यांना फोन करून विचारा.

काका_ऑटोमोटिव्ह_चौक | ४ जानेवारी, रात्री ९.३०

हं, आता काढलेला शॉकअप. मुलाले शेजारी बसवलं हाय, मी सांगतो अन् तो टाइप करते.

कबाडीकडे शॉकअप आडवे पडले असतात, ढिगात. आडवा पडला का आतल्या नळीत हवा शिरते. तो उचलून तुमी दाबला तर पयले दोन-तीन वेळा पोकळ लागन. तेवढ्यावरून त्याले मेलेला म्हणू नका. उभा धरा, दांडा वर. पुरा दाबा, पुरा ओढा, असं पाच-सहा वेळा. हवा वर निघून जाते. त्याच्यानंतर खरी परीक्षा. बुड शिकंज्यात धराचं, पण खालच्या कडीले धराचं, नळकांड्याले नाही, नळकांडं चेपलं तर संपलं.

आता सावकाश दाबा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखा जोर लागाले पायजे. मधात कुठं एकदम सैल, मंग घट्ट, असं लागलं तर ठेवून द्या. दिशा बदलताना खास ध्यान द्या. दाबणं थांबवून ओढाले लागलो का त्याच क्षणी धरलं पायजे. बोटभर दांडा मोकळा सरकला अन् मंग धरलं, तर तेल कमी हाय नाहीतर वॉल्व्ह गेला. अन् ओढाले दाबण्यापेक्षा जास्त जोर लागते, कारचे शॉकअप तसेच बनवतात, स्प्रिंगची उसळी त्याले थांबवाची असते. ओढणं दाबण्याइतकंच सोपं लागलं तर तो घेऊ नका.

कबाडी तुमाले एक दाखवन. दांडा दाबून सोडन, दांडा आपोआप वर येईन, अन् म्हणन, पाहा भाऊ, गॅस भरून हाय, नव्यासारखा. गॅस हाय एवढंच खरं त्यात. वॉल्व्ह झिजलेला असला तरी दांडा वर येते. अन् साध्या तेलाच्या शॉकअपचा दांडा वर येतच नाही, म्हणून तो खराब होत नाही.

मंग दांडा पुरा ओढून पुसा अन् नखानं वरून खाली घासत या. क्रोमवर कुठं नख अडकलं, गंजाचा टिपका लागला, पकडीचे दात उमटले असले, तर ते सील कापणार. आज गळत नाही, महिन्याभरात गळन. शेवटी दांडा धरून गोल फिरवा, टोकाकडं नजर ठेवा. टोक डुलते का? डुलते म्हणजे वाकला. अपघातातल्या गाडीचा म्हणता ना, तर हे पयलेच पाहा. स्विफ्टच्या पुढच्या शॉकअपवर चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्याच्यावर बसते तो लोखंडी तुकडा, बसते, एक खड्डा जोरात बसला तरी शॉकअप वाकते.

नळकांड्यावर चेप हाय का, बुडाशी नाहीतर बाजूनं वेल्डिंगचा थेंब हाय का, तेही पाहा. वेल्डिंग असलं तर तो भोक पाडून तेल भरलेला हाय.

जुनी_ओम्नी | ५ जानेवारी, सकाळी १०.१५

काका, आदर ठेवून सांगतो, रिपेअर केलेले शॉकअप एवढे वाईट नसतात. माझ्या ओम्नीचे मागचे मी तसेच तेल भरून घेतले, जोडीला आठशे. गाडी भाजीच्या कामाची आहे, कॉटन मार्केट ते घर. सहा महिने झाले, काही त्रास नाही. प्रत्येकाला नवे परवडत नाहीत.

काका_ऑटोमोटिव्ह_चौक | ५ जानेवारी, दुपारी १.३०

भाऊ, तुमची अडचण मले समजते. म्या सोता असे शॉकअप भरून देल्ले हायेत, कामाच्या गाड्याइले. ३०-४० च्या स्पीडनं शहरात चालणाऱ्या गाडीले दिवस निघतात. पण आत कोणतं तेल टाकलं, किती टाकलं, हे भरणाऱ्यालेच माहीत. शॉकअपचं तेल पातळ असते. त्याच्या जागी जाड तेल भरलं तर हातानं दाबताना मजबूत लागते, गिऱ्हाईक खूश होते. रस्त्यावर तो दगडासारखा चालते. जुनं सील अन् झिजलेला वॉल्व्ह तर तसाच राहते. एक डावीकडं कडक, एक उजवीकडं ढिला, अन् समृद्धीवर कारले १२० ची परवानगी. तिथं अचानक ब्रेक मारला तर गाडी सरळ थांबली पायजे. बेसाकर भाऊची आई मागं बसते, म्हणून मी त्याइले नाही म्हणतो. तुमाले नाही म्हणत.

बुटीबोरी_शिफ्ट | ५ जानेवारी, सायंकाळी ६.५०

ब्रेकचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लोक शॉकअप म्हणजे आराम समजतात. चाक उसळून रस्त्यावरून हलकं होतं त्या क्षणी ब्रेक धरणार कशाला? एबीएस असलं तरी ते टायरच्या पकडीवरच चालतं. खडबडीत जागी ब्रेक मारल्यावर गाडी नाक खुपसते का, बाजूला ओढते का, हे मी आता दर दिवाळीच्या आधी मोकळ्या रस्त्यावर पाहते.

बेसाकर | ११ जानेवारी, रात्री ८.२०

मंडळी, आज सगळं करून पाहिलं. सविस्तर लिहितो.

काटोलजवळ सासुरवाडी आहे, संत्र्याची बाग. पहाटे साडेपाचला पांधणीवर गाडी घातली, धुकं होतं, हात बधिर. सासरे टॉर्च घेऊन सोबत. पंधरा मिनिटं वर-खाली केली आणि बागेच्या फाटकाशी थांबून लगेच खाली हात घातला. मागचा उजवा चांगला कोमट, थंडीत हात शेकावा इतका. मागचा डावा बाहेरच्या लोखंडाइतकाच गार. सासऱ्यांना हात लावायला सांगितलं, ते म्हणाले, "जावईबापू, हा तर रात्रभर झोपलेलाच दिसतो." पुढचे दोन्ही सारखेच कोमट.

मग उजेड झाल्यावर टायर. मागच्या डाव्या टायरवर तळहात फिरवला आणि लगेच लागलं. आतल्या कडेला वीतभराच्या अंतरात दोन खळगे, गोल फिरत गेलो तर सगळीकडे तसेच. इतके दिवस मी तो टायर रोज पाहत होतो, नक्षी भरपूर आहे म्हणून समाधानी होतो.

शेवटी ताईंची लिंक रॉडची परीक्षा. सासऱ्यांनी गाडी डोलवली. उजव्या लिंक रॉडवर टक् टक् बोटांना लागलं, डाव्यावरही थोडं. बायकोला स्टिअरिंग थोडं थोडं फिरवायला सांगून पुढच्या स्प्रिंगला वरवर बोट टेकवलं. उजवीकडे स्प्रिंग अडकून एकदम सुटते असं वाटलं. हे काय असेल?

तेलकट_पाना | ११ जानेवारी, रात्री ८.५५

उजवीकडचं माउंटिंगचं बेअरिंग. स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग सहज फिरायला हवी. बेअरिंग जाम झालं की ती पीळ खाते आणि सुटते. हे काम मात्र घरी करू नका. पुढच्या शॉकअपवर स्प्रिंग दाबलेली असते, स्प्रिंग आवळून धरणारा कंप्रेसर न लावता वरचा नट सोडला तर ती गोळीसारखी सुटते. आणि मिस्त्रीला सांगा, वरचा नट उघडताना इम्पॅक्ट गनने दांडा गरागरा फिरवू नको, पकडीने क्रोमला धरू नको. चांगला शॉकअप त्या एका हलगर्जीपणाने जातो.

मागचं काम सोपं आहे. स्विफ्टला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, कंप्रेसर लागत नाही. एका वेळी एकच बाजू सोडायची आणि ॲक्सलला जॅकचा आधार ठेवायचा. दोन्ही एकदम सोडले तर ॲक्सल लटकतो, ब्रेकच्या नळीवर ताण येतो. बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर टेकल्यावर. हवेत लटकत असताना आवळला की बुशला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं.

मागचे दोन्ही बदला, उजवा चांगला असला तरी. एक नवा एक जुना ठेवला तर वळणावर आणि ब्रेकला गाडी दोन्ही बाजूंनी वेगळी वागते.

कळमना_एक्स्प्रेस | ११ जानेवारी, रात्री ९.३०

मी चारही बदला म्हणालो होतो, घाई केली. इथे वाचून मी पण आज माझ्या डिझायरच्या टायरवर हात फिरवला. सुदैवाने काही लागलं नाही.

बेसाकर | १८ जानेवारी, सायंकाळी ७.४५

काम झालं. दुसऱ्या गॅरेजला, स्वतः उभं राहून. मागची जोडी नवी, पुढचे दोन लिंक रॉड, उजवं माउंटिंग बेअरिंगसकट. पुढचे शॉकअप माउंटिंगसाठी खाली काढले तेव्हा उजवा तपासला, एकसारखा चालतो, दांडा साफ, म्हणून तोच परत बसवला. नकलच्या दोन बोल्टांवर काढायच्या आधी मिस्त्रीने रंगाची खूण केली होती, तरी अलाइनमेंट करून घेतलं. एकूण सहा हजार आठशे.

काढलेले मागचे दोन्ही शॉकअप मागून घेतले. आता ते अंगणात आहेत. काकांनी सांगितलं तसं डावा उभा धरून सहा वेळा चालवला आणि मग सावकाश दाबला. चार बोटं दांडा असाच आत गेला, पाण्यात काठी जावी तसा, मग कुठे जोर लागला. ओढतानाही तसंच. उजवा घेतला तर दोन्ही हातांनी ओढताना दंड भरून आला. दोन्ही एकामागून एक हातात घेतल्यावर फरक काय असतो ते कळलं.

डाव्याचं वरचं पत्र्याचं आवरण मिस्त्रीने कापून दाखवलं. आत सीलभोवती तेल आणि धूळ मिसळून काळ्या लोण्यासारखा गोळा बसलेला. खालचं नळकांडं मात्र कोरडं, त्यावर काळा रंग. तेलकट_पाना दादा, नख लावलं तर पापुद्रा निघाला. पहिल्या मिस्त्रीने बोनेट दाबलं, आवाज उजवीकडून पुढून होता, आणि मेलेला शॉकअप मागे डावीकडे गुपचूप बसला होता.

काल आईला घेऊन वर्ध्याला जाऊन आलो. समृद्धीच्या पुलांच्या जोडावर एक ठोका, बस, तरंगणं नाही. ती येताना सेलूपासून झोपली होती.

एक राहिलं. मागून अजून हलका घूं घूं आवाज येतो, ८० च्या पुढे.

काका_ऑटोमोटिव्ह_चौक | १८ जानेवारी, रात्री ९.१०

तो टायरचा आवाज हाय. खळगे पडले ते शॉकअप बदलल्यानं भरत नाहीत. ते टायर पुढं टाका, पुढचे मागं, काही महिन्यात थोडे समान घासतीन. बाहेरगावी रोज जाणं असन तर तो एक टायर बदलून टाका, अन् नवा टायर मागंच लावा. आईले नमस्कार सांगा.

बेसाकर | १८ जानेवारी, रात्री ९.२५

सांगतो काका. तो उजवा शॉकअप अजून चांगला आहे, टाकवत नाही. कोणाला हात लावून फरक समजून घ्यायचा असेल तर बेस्याला या, दोन्ही पोर्चमध्येच ठेवले आहेत.